ज्याचा देव, त्यानं गप्प बसायचं

रिटायर झालेली चार माणसं महिन्यातून एकदा एका व्हॅनमध्ये बसली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटखालच्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते साठत जातात आणि कधीतरी उपसावे लागतात.

आम्ही चौघं एकाच सरकारी ऑफिसातले. व्हॅन शेखची, तो बांधकामाकडचा. येमूल ड्रॉइंगचा, कांबळे रेकॉर्ड रूमचा आणि मी, बिराजदार, आस्थापनेचा. देऊळ, मशीद, स्तूप, जुनं असेल ते बघायचं. कांबळे बौद्ध, तो देवळात येत नाही, बाहेर आमच्या चपलांपाशी बसतो. त्याच्या गावच्या देवळाची दुरुस्ती झाली तेव्हा गाभाऱ्याच्या उंबऱ्याचा दगड त्याच्या वडिलांनी घडवला होता. दगड आत गेला. वडलांना मात्र पायरीसुद्धा चढू दिली नाही. "उजव्या कोपऱ्यात छिन्नीचे तीन तिरके घाव ठेवलेत," असं ते मरेपर्यंत सांगायचे. ते घाव एकदा डोळ्यांनी बघायचे, एवढंच कांबळेला हवं होतं. आणि त्या देवळात पाऊल टाकायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

०००

पहिल्या सहलीला घोळ माझ्यामुळं झाला. देऊळ महादेवाचं, मी लिंगायत. बोलायला लागलो तो तास उलटला तरी थांबलो नाही. येमूल खांबाला टेकून चक्क घोरायला लागला.

परतताना शेखनं नियम केला, "ज्याचा देव, त्यानं गप्प बसायचं. बाकीच्यांनी वाचून यायचं आणि सांगायचं."

विरोधात एकच मत पडलं. ते कुणाचं, हे सांगायला नको.

०००

त्यामुळं हत्तरसंग कुडलच्या महादेवाच्या देवळात माहिती द्यायची पाळी शेखची. लिंगावरची मुखं, खांब, छत, सगळं त्यानं असं काही रंगवून सांगितलं की पुण्याचं एक कुटुंब हळूच आमच्यात येऊन उभं राहिलं. शेखची पांढरी दाढी, पांढरा सदरा. शेवटी त्यातल्या बाईंनी हात जोडून विचारलं, "गुरुजी, अभिषेकाला किती वेळ लागेल?"

शेखनं माझ्याकडं बोट दाखवलं. "अभिषेकाचं ह्यांना विचारा. माझ्याकडं फक्त बांधकाम."

०००

विजापूरला गोलघुमटाच्या सज्जात कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं, हे येमूलनंच आम्हाला जिन्यात सांगितलं. वर गेल्यावर तो स्वतःच विसरला. मी पलीकडं एकटाच कठड्याला टेकून उभा होतो. भिंतीतून स्पष्ट आवाज आला, "शेख, बिराजदारनं डबा आणलाय. वांग्याला हात लावू नको."

जेवताना मी येमूलला तीनदा वांगं वाढलं. त्यानं ते निमूट खाल्लं.

०००

सन्नतीच्या स्तूपापाशी नियमाप्रमाणं कांबळे गप्प आणि बोलणार मी. चांगला आठवडाभर वाचून गेलो होतो. तरी दोन मिनिटं झाली की कांबळे खोकायचा. पुढं लक्षात आलं, माझं चुकलं की तो खोकतो. बोलायला बंदी होती, खोकायला नव्हती.

मी पंधरा मिनिटं बोललो असेन. तेवढ्यात तिथला वॉचमन कांबळेसाठी गरम पाणी घेऊन आला.

०००

अक्कलकोटच्या वाटेवर एका छोट्या देवळात यात्रा होती. आम्ही दर्शन घेऊन बाहेर येतो तर कांबळेपुढं दीडशे तरी जोड रांगेत! आमच्या चपला बघून लोकांनी आपल्याही तिथंच काढल्या होत्या. कांबळेनं डायरी फाडून चिठ्ठ्या केल्या होत्या आणि प्रत्येक जोडाला नंबर टाकला होता. सगळा जन्म रेकॉर्ड रूममध्ये गेलेला. एक जोडसुद्धा इकडचा तिकडं झाला नाही.

देवळाची कमिटी त्याला विचारायला आली, "पुढच्या वर्षी याल का?"

"देवाला मध्ये आणू नका," कांबळे म्हणाला. "मग येतो."

०००

मागच्या महिन्यात कांबळेच्या गावी गेलो. श्रीपूरकडं जाताना आत वळलं की गाव. कांबळे नेहमीसारखा बाहेर, चपलांपाशी. शेख मोबाईल हातात धरून गाभाऱ्यापाशी गेला आणि त्यानं कांबळेला व्हिडिओ कॉल लावला.

"उजवा कोपरा," फोनमधून कांबळे सांगत होता. "अजून खाली."

उंबऱ्यावर तेल-कुंकवाचा बोटभर थर होता, काहीच दिसेना. गुरव म्हातारा. शेखकडून सगळं ऐकून घेतल्यावर तो खाली बसला आणि खांद्यावरच्या उपरण्यानं दगड पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता. ज्या जागी कांबळेच्या वडलांना येऊ दिलं नाही तिथं मी हात बांधून उभा होतो, आणि मला लाज वाटत होती.

एक घाव दिसला. मग दुसरा. तिसरा. शेखनं फोन दगडाजवळ नेला.

गुरवानं फोनमध्ये वाकून बघितलं. "सर, तुमच्या वडलांचं काम हाय हे. आत या की. आता कोन अडवतंय?"

कांबळेचं उत्तर आधी दारातून आलं आणि मग फोनमधून.

"ऱ्हाऊ द्या. हितनं दिसतंय की."