गोलपोस्टमागचे ग्यानोबामामा

ग्यानोबामामांनी मला चौदा वर्षं पाठीमागून टोमणे मारले. समोरून ते माझ्याशी फारसे कधी बोलले नाहीत. मी जिनिंग क्लबचा गोलकीपर आणि मामा मोंढा क्लबचे कट्टर माणूस. आमच्या मानवत गावात हे दोनच फुटबॉल क्लब, एक कापसाच्या जिनिंगचा, दुसरा मोंढ्याचा, म्हणजे धान्यबाजाराचा. दर सव्वीस जानेवारीला कपासाठी दोघांची मॅच असते, आणि दोघांमधून विस्तव जात नाही. मोंढ्याचे बाकीचे लोक मैदानाच्या कडेला लिंबाच्या सावलीत बसायचे. मामा मात्र एक पोतं घेऊन यायचे, ते माझ्या गोलच्या मागे अंथरायचे आणि त्यावर एकदाही न टेकता मॅच संपेपर्यंत उभे राहायचे. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. तेव्हा मामाही पोतं झटकून काखेत मारायचे, आख्खं मैदान ओलांडायचे आणि परत माझ्याच मागे येऊन उभे राहायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हाताऱ्याची दिशाभूल झाली असेल. दुसऱ्या वर्षी कळलं की दिशा एकच आहे आणि ती मी आहे.

"गोलकीपर," ते सुरू करायचे. माझं नाव त्यांना नक्की माहीत होतं, पण त्यांनी ते कधी घेतलं नाही. "चेंडू पकडायलास का दुसऱ्याचं लेकरू? छातीशी धर की जरा." किंवा, "शेळीबी डाव्या अंगाला उडी मारती रे. तुलाच का जमंना?" आवाज मोठा नसायचा. लांबच्या माणसाला ऐकू जायचं नाही, माझ्या कानात मात्र बरोबर पडायचं. शिवी त्यांनी कधी दिली नाही. दिली असती तर मला सोपं गेलं असतं, कारण शिवीवर माणूस चिडतो आणि मोकळा होतो. मामांचं बोलणं मॅच संपल्यावरही डोक्यात राहायचं आणि पुढच्या मॅचला मी खरंच डावीकडे जास्त उडी मारायचो.

ते शेळ्यामेंढ्यांच्या बाजारातले दलाल होते. बुटका बांधा, पांढऱ्या भरघोस मिशा, गुडघ्याच्या जरा खाली येणारं धोतर आणि खांद्यावर धुऊन धुऊन पिवळं पडलेलं उपरणं. तरुणपणी स्वतःची मेंढरं घेऊन ते मैदानाच्या कडेला थांबले होते, तेव्हा मोंढ्याच्या पोरांनी माणूस कमी पडतोय म्हणून त्यांना रेषेवर निशाण घेऊन उभं केलं. नियम कशाशी खातात ते मामांना माहीत नव्हतं. मोंढ्याच्या बाजूने ते इतक्या वेळा निशाण फडकावत राहिले, की पंचाने शेवटी निशाण काढून घेतलं. "तवापासून मी मोंढ्याचा," ते सांगायचे. "निशान गेलं, पन मन तिथंच ऱ्हायलं."

खेळाडूची पारख ते जनावरासारखी करायचे. आधी पोटऱ्या बघायचे, मग चाल. एकदा मॅच चालू असताना मागून आवाज आला, "गोलकीपर, तू डावा गुडघा वाचवायलास. डाक्टरला दाखव." मला वाटलं, मला घाबरवायची नवी युक्ती काढली. महिन्याभराने जिना उतरताना गुडघ्यातून अशी कळ गेली की मी पायरीवरच बसलो. परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही जाणवलं नव्हतं का?" मला जाणवलं नव्हतं. मामांना जाणवलं होतं. गुडघ्याला पट्टा बांधून मी परत मैदानात उतरलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता नीट उभा ऱ्हायलास." मला हा माणूस आवडायचा. आमच्या क्लबात मी हे कधी बोललो नाही, कारण माझं गोलकीपरपद गेलं असतं.

आमचा क्लब ज्या जिनिंगच्या जिवावर उभा होता, ती जिनिंग बंद पडली. मालकाची मुलं पुण्याला गेली. मालकच बूट घ्यायचे, चेंडू घ्यायचे, बाहेरगावी जायला टेम्पो द्यायचे. ते थांबलं. आदल्या वर्षी पैशाअभावी आम्ही परभणीच्या स्पर्धेला गेलोच नव्हतो. सलग दोन वर्षं गेलो नाही तर जिल्ह्याच्या यादीतून क्लबचं नाव निघणार होतं, आणि एकदा निघालेलं नाव परत लागत नाही असं सगळे म्हणत. मी एका शाळेत कारकून. क्लबचा सेक्रेटरीही मीच, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. व्हॉट्सॲपवर मी एक मोठं आवाहन लिहिलं. उत्तरादाखल अंगठे आले आणि जोडलेले हात आले. वडील त्याच जिनिंगमध्ये राबले, त्यांनीच टाकलेला पहिला चेंडू मी धरला, आणि आता तो क्लब माझ्या हातातून निसटत होता. घरी मी कुणाशी धड बोलत नसे.

तेव्हा मामांचा निरोप आला. बाजाराच्या दिवशी ये.

मी गेलो. शेळ्यांच्या बाजाराच्या टोकाला चहाचं एक हॉटेल आहे. तिथे मोंढा क्लबची दहाबारा माणसं बाकड्यांवर बसलेली. मध्ये मामा. त्यांना तोंडावरून बघण्याचे प्रसंग मला इतके कमी आले होते, की क्षणभर मी बिचकलो.

"ह्यांचा क्लब बुडायलाय," मामांनी प्रस्तावना केली. "आपुन काय तरी करावं म्हनतो मी."

आडतीवरचा मुनीम तुळशीराम ताडकन उठला. मोंढा क्लब म्हणजे त्याचा जीव. "मामा, तुमाला चढली का सकाळी सकाळी? तीन वर्षांमागं ह्यांनी कप नेला आन आमच्या दुकानाच्या शटरवर गुलाल फेकला. आजून निघाला न्हाई तो. बुडायलेत तर बुडू द्या की."

"बुडू दे," मामा म्हणाले. "मंग सव्वीस जानेवारीला काय करशील? झेंड्याला सलाम करून घरी जाऊन झोपशील? वर्षभर कोनाच्या नावानं बोंबलशील? तुझ्या बायकूच्या?"

लोक हसले. तुळशीराम हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "मला एक सांगा साहेब. आमचा क्लब बुडाला असता, तर तुमी लोकांनी दिले असते का पैसे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं. क्लबही त्यावरच अवलंबून होता. पण गुलाल फेकणाऱ्यांत मीही होतो, आणि मोंढा क्लब बंद पडला असता तर आम्ही अजून एक पोतं गुलाल आणला असता.

"नसते दिले," मी म्हणालो.

मला वाटलं, संपलं. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "खरं बोलला. खोटं बोलला आसता तर मीच ह्याला उठवला आसता." मग तुळशीरामकडे न बघता म्हणाले, "आपुन त्यांच्यासारखं वागायचं का आपल्यासारखं, येवढंच ठरवायचंय. ज्याला वाटतंय त्यानं द्यावं, ज्याला वाटंना त्यानं देऊ नये."

एकजण चाचरत म्हणाला, "मामा, द्यायचं मनात आलं तरी देता यायचं न्हाई. मोबाईलवरून पाठवलं की नाव दिसतंय. उद्या मोंढ्यात कळलं की जिनिंगला पैसे दिले, तर लोक तोंडाला काळं फासतेत."

अडचण खरी होती. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि डाव्या हातावर पसरलं.

शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. उपरण्याखालची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा त्या धंद्याचा धर्म. मामांनी चाळीस वर्षं तो पाळला होता.

आधी त्यांनी मला बोलावलं. "एक बोट म्हंजी एक हजार. किती लागतेत?" उपरण्याखाली मी त्यांच्या हातात हात दिला. तो हात लाकडासारखा टणक आणि गरम होता. एवढ्या लोकांसमोर आकडा सांगायची लाज वाटत होती, आणि ती उपरण्याखालीही गेली नाही. मी तीनच बोटं पुढे केली. स्पर्धेची फी भागली असती. बूट, हातमोजे, टेम्पो यांचं आम्ही काहीतरी केलं असतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग उपरण्याखाली त्यांनी माझी मिटलेली दोन बोटं एकेक करून उघडली. उपरणं न काढता दुसऱ्यांदा तसाच माझा सगळा पंजा दाबला. पाच आणि पाच, दहा हजार. मला भरून आलं, आणि मी चहावाल्याकडे बघत बसलो.

मग मोंढ्याचा एकेक माणूस पुढे आला. प्रत्येकाने उपरण्याखाली हात घातला आणि काढला. कुणी किती दिले ते मामांखेरीज कुणाला कळलं नाही. काहींनी नुसताच हात दिला असेल, एकही बोट न दाबता. मामा प्रत्येकाला एकच वाक्य म्हणाले, "झालं, बस." त्यामुळे ज्याने दिलं आणि ज्याने दिलं नाही, दोघेही सारख्याच चेहऱ्याने बाकड्यावर परत बसले. तुळशीराम सगळ्यांत शेवटी आला. कपाळाला आठ्या घालून त्याने हात आत घातला. तो हात बराच वेळ आत होता.

चार दिवसांनी मामा शाळेत आले. ज्याने जितकी बोटं दाबली तितके पैसे गुपचूप गोळा करून उपरण्याच्या टोकाला बांधलेले. गाठ सोडून त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले आणि उपरणं परत खांद्यावर टाकलं. मी म्हणालो, "मामा, आता आमच्या बाजूने बसा एखाद्या मॅचला." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या कुळाला बोललो होतो. "जनावर इकलं तरी गळ्यातलं दावं देत नसतेत, गोलकीपर. पैसे तुजे. उपरनं माजं आन तोंडबी माजं."

आम्ही परभणीला जाऊन आलो. पहिल्याच फेरीत हरलो, पण यादीत नाव राहिलं. मग सव्वीस जानेवारीची मॅच झाली. शेवटच्या मिनिटांत मोंढ्याला पेनल्टी मिळाली आणि मी ती अडवली. डावीकडे उडी मारून. आम्ही एक शून्यने जिंकलो. मी चेंडू छातीशी घेऊन जमिनीवर पडलेलो असताना मागून आवाज आला, "ते हातमोजे कसे आले ते मला ठावं हाय, गोलकीपर. लाज धर जरा." वळून बघितलं तर मामा पहिल्यांदाच पोत्यावर बसले होते आणि मिशीत हसत होते. तुळशीराम महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

मागच्या पावसाळ्यात मामांच्या हृदयाने दगा दिला. परभणीच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी आमची आणि मोंढ्याची एक साधी मॅच झाली होती. मामी, म्हणजे त्यांची बायको, खाटेजवळ बसल्या होत्या. मी दारात दिसताच त्यांनी बजावलं, "मॅचचं कायबी बोलू नका. डाक्टरनं सांगितलंय, जिवाला घोर लावायचा न्हाई." मी मान हलवली आणि हवापाण्याचं बोलत बसलो. थोड्या वेळाने चादरीखालून मामांचा हात माझ्या हाताकडे आला. डोळे छताकडे. मला समजलं ते काय विचारतात. मी एक बोट दाबलं, म्हणजे मोंढ्याचा एक गोल. मग दोन बोटं दाबली, आमचे दोन. मग चादरीखालीच मामांनी माझ्या दोन बोटांतलं एक हळूच मिटवलं. एक एक, बरोबरी. मामी विचारत होत्या, "कशाला हसायलाव दोघं?"

त्यानंतर आठवड्याने मामा गेले. मला त्यांच्या घरी जायचं धैर्य तेराव्यालाच झालं. जेवणं उरकल्यावर मामींनी आतून ते पिवळं उपरणं आणलं, घडी घालून, आणि माझ्या हातात दिलं. "गोलकीपरला दे म्हनले व्हते."

मी घाबरलोच. "मामी, मला नको. मामाच म्हणायचे, दावं देत नसतात."

"इकलेल्या जनावराचं देत न्हाईत," मामी म्हणाल्या. "लेकीला आंदन दिलेली गाय दाव्यासकटच धाडतेत."

मी तिथे सगळ्यांसमोर रडलो. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

गुडघ्यामुळे मी या वर्षी खेळणं सोडलं. सव्वीस जानेवारीला आमच्या गोलमध्ये नवा गोलकीपर होता. मी खांद्यावर उपरणं टाकलं, घरातलं एक पोतं घेतलं आणि मोंढ्याच्या गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांच्या गोलकीपरला काहीतरी टोचून बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण जे बोललो ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. लिंबाखालून तुळशीराम उठून माझ्याकडे आला. आता भांडण होणार असं मला वाटलं. त्याने उपरण्याकडे बघितलं, बराच वेळ.

"मामाचं हाय ना?"

"हो."

"मंग नीट बोला की साहेब. त्याला ऐकूबी यायना गेलंय. मामा आसं बोलत होते का?"

मी घसा साफ केला. मध्यंतरापर्यंत मला बरंच जमायला लागलं. शिट्टी वाजली, संघांनी बाजू बदलल्या. मी पोतं झटकून काखेत मारलं आणि मैदान ओलांडायला निघालो. अर्ध्यात गेल्यावर बघितलं, समोरून तुळशीरामही एक पोतं घेऊन आमच्या गोलकीपरच्या मागे निघाला होता.