हेडच्या स्टडाशी झिरपणारं पाणी

आमच्या भातगिरणीचं इंजिन बारा वर्षं बंद होतं. नवरा गेल्यावर मुलाने विजेची मोटर बसवली आणि इंजिनावर गोणपाट टाकलं. यंदा वादळात खांब पडले, आठ दिवस वीज नाही. लोकांची भाताची पोती दारात साठली. मग मुलाने देवरूखहून फिटर आणला.

इंजिन सुरू झालं. तापल्यावर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, धरून ठेवणाऱ्या एका स्टडाशी, नटाखालून, इंजिन गार ठेवणारं पाणी झिरपायला लागलं. मी ओळखलं. तोच स्टड.

मुलाने पाना घेतला. "थांब, आवळतो."

"जोर जास्त झाला असेल तर नांगर ओढ," फिटर म्हणाला. "ह्याचं भोक आत पाण्यापर्यंत गेलंय. पाणी आट्यांवरून चढतं. स्टड काढून आटे साफ करायचे, पाणी अडवणारी पेस्ट लावायची."

मी विचारलं, "आवळून नाहीच थांबत?"

"जन्मभर आवळा, काकी."

बारा वर्षांपूर्वी मुलाचे वडील सकाळपासून हाच नट आवळत होते. बायका पोती घेऊन खोळंबल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "जोर नसेल तर हातात बांगड्या भरा." बायका हसल्या. त्यांनी पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं अंग टाकून ओढला. पाना निसटला. डोकं मागच्या जांभ्याच्या पायरीवर आपटलं. तिसऱ्या दिवशी गेले. मुलगा तेव्हा मुंबईला होता. त्याला सांगितलं, पाय घसरला.

ओढताना त्यांच्या तोंडून 'हं' असा आवाज निघाला होता. मी गिरणीत गेले की तो अजून ऐकू येतो. डॉक्टरला कान दाखवले. कान चांगले आहेत म्हणाला.

फिटरने इंजिनातलं पाणी सोडलं, स्टड काढला, तारेच्या ब्रशने आटे घासले, पेस्ट लावून स्टड परत बसवला. नट मापाच्या पान्याने आवळला. एका हाताने, गप्पा मारत. दुसऱ्या दिवशी इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं.

"आये, बघ, थेंब नाही!" मुलगा म्हणाला. मी बघितलं. खरं काय ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता वीज गेली की इंजिन चालतं. ते बंद झालं की मी जाऊन स्टडाच्या बुडाशी बोट फिरवते. कोरडं असतं. एकदा तरी ओलं लागावं असं वाटतं. मग म्हणता येईल, ते पाणी कोणाकडूनच थांबलं नसतं.