बारामती ते इंदापूर, मागच्या सीटवर आबा

"आल्प्सचे घाट मोटरसायकलवर चढलोय मी, इंदापूर म्हणजे काय?" असं जेवता जेवता बोलून गेलो आणि फसलो. माझा मामेभाऊ दिलीप तसाच उठला आणि मोटरसायकलची किल्ली आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "मग उद्या जाऊन दाखव. पन्नास किलोमीटर आहे."

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मला जर्मनीत जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि देश सोडला तेव्हा मी फक्त सायकल चालवायचो. जानेवारीत सुट्टी काढून बारामतीजवळच्या जळोचीला मामांकडे उतरलो होतो. थंडी, उसाचा हंगाम, वर स्वच्छ ऊन. जायचं असेल तर हेच दिवस चांगले, फक्त कारखाने चालू असतात हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

सकाळी साडेनऊला निघालो. दिलीपचा उपदेश एवढाच: "आधी हॉर्न, मग ब्रेक. आणि मागं बघू नको, मागचा त्याचं बघून घेतो."

बारामतीच्या पहिल्याच चौकात मी जर्मनीतल्या सवयीनं रस्त्याच्या उजव्या बाजूला गेलो. समोरून टेम्पो, शेजारून म्हैस. टेम्पोवाला रागावलासुद्धा नाही, मला वळसा घालून गेला. गावाबाहेर पडल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, पण तिथं उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. पुढच्यानं उजवा दिवा लावला की त्याचा अर्थ 'मी वळतोय' की 'तू पुढं जा', हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका ड्रायव्हरनं हात बाहेर काढून हलवला. मी वेग वाढवला, तर तो तंबाखूचा हात झटकत होता.

लासुर्ण्याला पोचायला सव्वा तास लागला. एका टपरीवर थांबलो. गरम भजी, वर तळलेली मिरची आणि चहा, सगळं मिळून चिल्लरीत भागलं. परत फिरावं का, असा विचार चालू होता, तेवढ्यात कडेवर लेकरू घेतलेली एक बाई जवळ आली.

"दादा, इंदापूरला चाललाय का? आमच्या सासऱ्यास्नी घ्या की मागं. यष्टी भरून आली, थांबलीच न्हाय. बारापतुर शिबिरात नाव लावाय पायजे. मागल्या खेपंला नंबर हुकला. मी येते मागनं लेकराला घिऊन."

कसलं शिबिर, हे विचारायचं मला सुचलं नाही. फेटा बांधलेले, उंच, वाळक्या अंगाचे आबा तिच्या खांद्यावर हात ठेवून आले, सीट चाचपून ऐटीत बसले. नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

"आबा, मी इथला नाही," मी आधीच सांगून टाकलं. "हे हॉर्न मला कळत नाहीत."

"मला कळत्यात. चल तू."

आणि खरंच, त्यांना कळत होते. खांद्यावर बोट टोचून सांगायचे, "थांब, म्होरनं मोठा ट्रक हाय." पाच सेकंदांत वळणावरून ट्रक यायचा. "आता जा, मोकळं हाय." मी जायचो, रस्ता मोकळा असायचा. जंक्शन नावाचं गाव गेलं, अंथुर्णे गेलं. सकाळपासून पहिल्यांदाच मी उसाच्या तुऱ्यांकडे पाहिलं. आबा सांगत होते, त्यांनी जन्मभर मेंढरं राखली, आता मुलगा ऊस करतो.

निमगाव केतकीच्या अलीकडे एका ट्रॅक्टरच्या धुळीत अडकलो. समोरचं काहीच दिसेना.

"जा. मोकळं हाय," आबा म्हणाले.

मी गेलो. धुळीतून दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल थेट माझ्या अंगावर आली. मी हँडल ओढलं आणि आम्ही दोघं मोटरसायकलसकट रस्त्याकडेच्या मुरमात आडवे झालो.

आबांचं कोपर खरचटलं, माझा गुडघा. सायकलवाला वाचला, एका किटलीचं झाकण उडालं तेवढंच. शिव्या द्यायला आला आणि आबांना बघून थांबला.

"आबा? व्हय ओ पाव्हणं, ह्यांच्या सांगण्यावर गाडी हाणता? ह्यांना हाताचं बोट दिसत न्हाय! डोळ्याच्या आपरेशनला निघालेत न्हवं?"

मी आबांकडे पाहिलं. ते माझ्या डावीकडच्या बाभळीकडे बघत होते.

मी ओरडलो. मराठीत, जर्मनमध्ये, काय काय बोललो आठवत नाही. आबांनी ऐकून घेतलं.

"मेंढरं मागं किती हायती, ते कानानंच कळतं," ते म्हणाले. "गाड्यांचंबी तसंच. सायकलला आवाज नसतो, तितं चुकलो."

"पण आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर न्हेलं असतंस?" मग फेटा चाचपत, "नातू सात म्हयन्याचा झाला. त्येचं तोंड बघितलं न्हाय अजून."

मी मोटरसायकल उभी केली. सायकलवाल्यानं तिचं पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि बारा वाजायला थोडाच वेळ उरलाय म्हणाला.

पुढचे बारा-तेरा किलोमीटर आम्ही करार करून गेलो. आबा सांगणार, पण मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलणार नाही. धूळ आली की थांबायचं. अशानं उशीर होत होता, तरी आबांनी एकदाही घाई केली नाही. फक्त खांद्यावरची पकड घट्ट झाली होती.

इंदापुरात शाळेत शिबिर होतं. नाव लिहिणारे गृहस्थ वही मिटत होते. त्यांनी आबांचं कोपर पाहिलं, माझी पँट पाहिली आणि वही उघडली. डॉक्टरांनी आबांचा रक्तदाब बघून मला विचारलं, "इतका कशानं वाढला?" मी पँटवरचा मुरूम झटकला. दोन तास झोपवून ठेवून दुपारी त्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं.

मी त्याच दिवशी परतणार होतो, पण स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. गुडघा सुजला होता हे एक कारण. दुसरं मला नीट सांगता येणार नाही.

सकाळी पट्टी सोडली तेव्हा सून लेकराला घेऊन समोर बसली होती. आबांनी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. लेकरू त्यांच्या डोळ्याला घाबरून रडायला लागलं, तसे आबा हसायला लागले, आणि डोळ्यावर ताण येतो म्हणून डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. मग माझ्याकडे वळले.

"हा कोण?"

"मीच, आबा. गाडीवाला."

"आरं, तू तर टकल्या हाईस! आवाजावरनं पोरगं वाटलं मला."

परत येताना उजनी धरणाचं पाणी बघायचं राहिलं. जळोचीला पोचल्यावर दिलीपला सांगितलं, गेलो आणि आलो. जर्मनीत बायकोला सांगितलं, पडलो. दोघांनाही पुढचं विचारायचं कारण वाटलं नाही.

तो रस्ता मला तेव्हा समजला नाही आणि आता कुणी विचारलं तर समजावताही येणार नाही. आबांवर रागवायचं होतं, तेही राहूनच गेलं. त्यांनी मला फसवलं का, तर हो. पण त्यांना दिसत नाही हे लासुर्ण्यातच कळलं असतं, तर चहाचे पैसे देऊन मी एकटाच निघून गेलो असतो. हे मला पक्कं माहीत आहे, आणि आजपर्यंत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.