लालचील आणि भोगीची भाकरी

सुनेला तिच्या वडिलांनी दिलेली आठवण मी भोगीच्या दिवशी भाकरीभोवती गुंडाळून गल्लीतल्या आठ घरांत वाटली, आणि प्रत्येक घरी ‘भाकरी गरम करून खावा’ असं सांगूनही आले.

बाजरीच्या भाकरीसाठी आमच्या गल्लीत माझं नाव आहे. चाळीस वर्षांचं. म्हणून भोगीला घरोघरी दोन दोन भाकऱ्या, वर लसणाची चटणी, असा माझा नेम. चूक झाली ती कपाटाच्या खालच्या कप्प्यामुळं. तो कप्पा पहिल्यापासून रद्दीचा. त्या भोगीच्या आठ महिने आधी अश्विनी लग्न होऊन घरात आली, तिला तो रिकामा दिसला (आता पेपर घेतंय कोण?), तिनं त्यात आपली पुस्तकं ठेवली. मला तसं सांगितलंही. पण ते डोक्याला सांगितलं होतं, हाताला नाही. भोगीच्या सकाळी चष्मा काढून ठेवलेला, हात सवयीनं खाली गेला आणि वरचं पुस्तक घेऊन आला. चित्रं बघून मला वाटलं, फटाक्यांच्या दुकानाची जाहिरात असेल. पानोपानी काहीतरी फुटतच होतं.

फाडलं नाही, एवढं माझ्या बाजूनं लक्षात ठेवा. भाकरीत टोचायला नकोत म्हणून मधल्या दोन पिना सुरीनं उचकटल्या आणि शिलाई मशीनच्या खणात टाकल्या. (आमच्या घरात काही फेकत नाहीत.) पुस्तक सुटलं, आठ जोडपानं हातात आली. एका जोडपानात दोन भाकऱ्या बरोब्बर बसल्या. मी स्वतःवर खूश!

दुपारी अश्विनीचा फोन. ती ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली होती.

“आई, उद्या संक्रांतीला चारपर्यंत पोचते मी. एक काम कराल? खालच्या कप्प्यात सगळ्यात वर लालचीलच्या हिंदी कॉमिकचा पहिला अंक आहे. सहावीत पहिली आले तेव्हा बाबांनी माढ्याच्या स्टँडवर घेऊन दिलेला. माझ्या पहिल्या संक्रांतीला बाबा यायचे होते, ते आता नाहीत. हळदीकुंकवाला बसताना तेवढा अंक जवळ घेऊन बसेन म्हणते. काढून ठेवाल?”

“काढलाय की,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

महेश, म्हणजे माझा मुलगा, जेवत होता. “लालचील कोण रे?” मी विचारलं.

“सुपरहिरो आहे आई. दिवसा तारऑफिसात नोकरी करते, संकट आलं की पंख लावून उडते. का गं?”

मी सांगितलं. त्यानं हातातल्या भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आणि मला रोज सांगतीस, अशूशी नीट वाग.”

मी चपला घातल्या.

पहिलं घर लक्ष्मीअक्काचं. घरी माग होते तेव्हापासूनची मैत्रीण, घरात तेलुगू बोलते, पण मला मराठीतच रागावते. भाकरी ताटात तशीच, आणि कागद तिनं दोन्ही हातांत धरलेला.

“अक्का, तेवढा कागद दे गं.”

“आगु, आगु,” तिनं हातानं थांबवलं. “ह्या बाजूला ती बाई उकळत्या बॉयलरमदी पडली. त्या बाजूला बसून चहा पितीय. मदी काय झालं?”

“मला काय माहीत?”

“मग माहीत करून ये. आन् कागद ने.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पिना काढलेल्या पुस्तकाच्या एका जोडपानावर थोडी आधीची गोष्ट येते आणि थोडी नंतरची. मी आठ घरांत भाकऱ्या नाही, आठ कोडी वाटून आले होते.

दुसरं घर शबानाभाभीचं. “काकू, ये डॉक्टर गंधक के इदर दो हात हैं, उदर एकीच हात है. दुसरा किदर गया?”

मी पायरीवर बसले आणि चष्मा लावला. हरतालिकेची पोथी आणि लाईटचं बिल सोडून मी इतकं मन लावून कधी काही वाचलं नव्हतं. मग तिला बॉयलरची हकीकत सांगितली, तिनं पान दिलं. पुढच्या घरी हाताचं कोडं सांगितलं, तिथलं पान आलं, त्यात हात सापडला. पाचव्या घरी तर मी उभं राहून ‘धडाम्’ करून दाखवत होते. एकीला राहवेना, ती माझ्याबरोबर निघाली. तिच्यामागं दुसरी. दिवेलागणीला आमच्या कट्ट्यावर सात पानं आली होती. सात बायाही आल्या होत्या. लक्ष्मीअक्कानं आपलं पान आणलं होतं, पण घट्ट धरून ठेवलं होतं.

आठवं पान म्हणजे नेमकं मधलं, मल्लव्वाकडचं. मल्लव्वा रिकाम्याच हातानं आली आणि म्हणाली, “आमचे मालक भाकरी घेऊन मैंदर्गीला गेले की बहिणीकडं. दुपारच्या एसटीनं.”

फोन लावला. पलीकडं नणंद तो कागद चुलीत घालायच्या बेतात! मल्लव्वानं कानडीत असं काही झापलं, की आमच्या कट्ट्यावरची मांजर उठून गेली. नणंदेला हिंदी वाचता येत नव्हतं, म्हणून ती चित्रं बघून मोडक्या मराठीत सांगायला लागली.

“बाई भांड्यात हाय. भांड्याला भोक पडलं. बाई भाईर आली.”

“भोक कशानं पडलं?” लक्ष्मीअक्का फोनवर ओरडली.

“तिच्या टोपीला चोच हाय की. चोचीनं.”

अक्कानं मुकाट्यानं पान माझ्या हातात दिलं. “चोचीनं,” ती म्हणाली. “आन् मी दुपारपासून जेवली नाय.”

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मल्लव्वाचे मालक एसटीतून उतरले, कागद टोपीखाली. मी त्याच पिना त्याच भोकांतून घालून दाबल्या. चारला अश्विनी आली.

संध्याकाळी काळी साडी, हलव्याचे दागिने, पोर काय सुंदर दिसत होती. सगळ्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. तिनं अंक उचलला, उघडला, हुंगला.

“आई, ह्याला लसणाचा वास का येतोय?”

सगळ्या बाया एकदम हातातला तिळगूळ निरखायला लागल्या. मी सगळं सांगून टाकलं, फटाक्यांपासून टोपीपर्यंत. अश्विनीनं पान उलटलं, बॉयलरमधून दोन तीळ घरंगळले. मग एका कोपऱ्यातल्या जुन्या पिवळ्या डागावर बोट ठेवून ती म्हणाली, “हे बाबांच्या भज्यांचं तेल. स्टँडवर भजी खात खात त्यांनीच आधी वाचला होता.” त्याच्या शेजारीच माझ्या चटणीचा डाग होता, ताजा, तांबडा. ती दोन्ही डागांकडं बघत राहिली आणि हसली. “कशी वाटली लालचील?”

“बाई चांगली आहे,” मी म्हटलं. “पण चोचीनं बॉयलर फुटतो का? बॉयलर काय पापड हाय?”

“त्याचं कारण चौथ्या अंकात आहे.”

“मग काढ की चौथा.”

“आधी दुसरा, तिसरा. आणि आई, सातवा मध्येच उघडू नका. त्यातली लालचील दुसऱ्या जगातली आहे.”

(एकच बाई, दोन जगं. माहेर आणि सासर असलेल्या बाईला हे काय समजावून सांगायचं?)

वर्षभरात माझे तेवीस अंक झाले. गल्लीनं ते माझ्या तोंडून ऐकले, धडाम्‌सकट. यंदा भोगीला शहाणपण करून मी भाकऱ्या स्टीलच्या डब्यातून नेल्या. लक्ष्मीअक्कानं डबा उघडला. भाकरी उचलून खाली बघितलं. झाकण उलटं करून बघितलं.

“हे काय,” ती म्हणाली, “नुसती भाकरीच आणलीस?”