अर्डिस बाहेर गेली की

हार्लन फेरी गावच्या बेसबॉल संघाला, म्हणजे पायलट्सना, फटके मारता येत नव्हते असं नाही. मारायचे, पण नको तेव्हा. बेस रिकामे असले की हा उंच, तो लांब, टाळ्याच टाळ्या. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर आपली माणसं तिष्ठत उभी असली की यांच्या बॅटी संपावर जायच्या. गावातल्या न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांचं एकच रडगाणं होतं: वेळेवर फटका नाही. तेवढ्यापायी अख्खा उन्हाळा वाया चालला होता आणि मोसमाअखेरची प्लेऑफची फेरी हातातून निसटत होती.

वेळेवर फटका पडायचा तो फक्त अर्डिस ब्रूनर बाहेर गेली की.

अर्डिस सत्तरी उलटलेली. शाळेच्या खानावळीत तिने हयातभर पोरांच्या ताटांत मक्याचे दाणे वाढले. तिसऱ्या बेसमागची खुर्ची तिने नवरा गेल्यावरही सोडली नाही. शेजारच्या खुर्च्या ड्वेन आणि कॉनीच्या. ड्वेन ट्रकचा मेकॅनिक, आता निवृत्त, कॉनी त्याची बायको. जूनमध्ये एका सामन्यात अर्डिस हॉट डॉग आणायला उठली. ती स्टँडखालच्या बोळात पोचते न पोचते तोच वर गलका झाला. दोन रन! पुढच्या खेपेला ड्वेन गमतीत म्हणाला, "अगं, जा की जरा, मस्टर्ड घालून आण," आणि परत तेच झालं. गंमत तिथेच संपली. बेसबॉलच्या वेड्यांना असली गोष्ट दोनदा दिसली की आणखी पुरावा लागत नाही. तेव्हापासून कायदाच झाला. आपला माणूस दुसऱ्या बेसवर पोचला की अर्डिसने उठायचं.

कधी ती बाहेर असूनही फटका पडायचा नाही. मग चूक तिचीच.

"उभी कुठे होतीस?" ड्वेन विचारायचा.

"पाण्याच्या नळापाशी."

"तरीच! मस्टर्डच्या टेबलापाशी उभी राहा म्हणून किती वेळा सांगायचं तुला?"

जुलैत एकदा ती हट्टाने बसून राहिली. येफ्री पेगेरो, ज्याच्यावर साऱ्या गावाची भिस्त, तो हवेत बॅट फिरवून मान खाली घालून परतला. ड्वेन उरलेला सामनाभर तिच्याशी बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर अर्डिसलाही त्यात अन्याय वाटला नाही. तीही त्यातलीच. बाहेर असलो तर आपला पायगुण चांगला आणि आत बसलो तर आपण पांढऱ्या पायाच्या, हे तिने मुकाट्याने मान्य केलं होतं.

पण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. उजव्या डोळ्याच्या मधोमध तिला केव्हापासून एक डाग दिसायचा. ऑगस्टमध्ये डाव्यातही सुरू झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडेकडेचं दिसत राहील, पण पुढच्या मोसमात चेंडू दिसेल असं मी सांगू शकत नाही. हे कळलं असतं तर कॉनीने तिला हाताला धरून जिना चढवला असता आणि ड्वेनने प्रत्येक चेंडू कानात ओरडून सांगितला असता. अर्डिसला ती कीव नको होती. तिला एकच हवं होतं. चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून सुटलाय, दुसऱ्या बेसवरचा जिवाच्या आकांताने होम बेसकडे धावतोय, हे या वर्षी एकदा तरी आपल्या डोळ्यांनी बघायचं. मोसमभर तिने ते नुसतं ऐकलं होतं, सिमेंटच्या छतातून.

शेवटचा रविवार उजाडला. जिंकलं तर प्लेऑफ, हरलं तर घरी. पायलट्सचा एकमेव रन आला तोही बेस रिकामे असताना. बाकी सगळा वेळ ती बोळात जात होती, परत येत होती, आणि बेसवरची माणसं जागच्या जागी राहत होती. शेवटची इनिंग, एका रनची पिछाडी, दोन आउट, तिसरा झाला की खेळ खलास. कसंबसं करून एकजण तिसऱ्यावर पोचला, एकजण दुसऱ्यावर. आणि बॅट घेऊन आला पेगेरो.

ड्वेन तिच्याकडे वळला. "अर्डिस."

"आज इतक्यांदा गेले. काय झालं जाऊन?"

"तेव्हा एवढी गरज नव्हती. पाया पडतो तुझ्या."

"मला बघायचंय रे, ड्वेन."

"मंगळवारी बघ की! प्लेऑफमध्ये पोटभर बघ. आता ऊठ."

"बसू दे ना तिला," कॉनी म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

अर्डिसने मान जराशी वळवली, म्हणजे डागाच्या कडेने पेगेरो दिसला. पोरगा तळहात पुन्हा पुन्हा विजारीला पुसत होता. आपण बसलो आणि हा चुकला, तर आपल्याला तेवढंच दिसेल, आणि मग हिवाळाभर तेच दिसत राहील. ती उठली.

एरवी ह्या वेळी बोळात चिटपाखरू नसायचं. आज मस्टर्डच्या टेबलाभोवती घोळका होता. त्यात पाद्रीबाबाही होते.

"तुम्ही इथे?"

"बायकोने हाकललं. मे महिन्यापासून प्रत्येक वेळी हाकलते. एरवी बाहेर गाड्यांपाशी थांबतो, आज राहवेना."

"मला माझ्या जावयाने," एक दाढीवाला म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळे आपापल्या रांगेने बाहेर काढलेले.

"पण तुम्ही उभे आहात ती जागा माझी," अर्डिस म्हणाली. पाद्रीबाबा ताबडतोब बाजूला सरले.

मग सगळ्यांची तोंडं छताकडे. वर पाय आपटणं थांबलं. अर्डिसने टेबलाची कड घट्ट धरली. ठक्क, बॅटीचा आवाज आला. क्षणभर काहीच नाही. आणि मग छत हादरलं, धूळ खाली पडली, पाद्रीबाबांनी दाढीवाल्याला मिठी मारली. कुणाच्या पायगुणाने, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

ड्वेन जिना उतरून आला तो रडतच. "केलंस, बाई! तूच केलंस!"

"चेंडू कुठे पडला?"

"उजवीकडे, दोघांच्या बरोब्बर मधे! दुसऱ्यावरचा लोळण घेत होम बेसवर आला."

"धूळ उडाली?"

"उडाली म्हणजे! पंच दिसेना."

अर्डिसने डोळे मिटले. "परत सांग."

त्याने परत सांगितलं, मघापेक्षा तिखटमीठ लावून. मग नाक पुसत म्हणाला, "मंगळवारी तुझ्यासाठी घडीची खुर्ची आणतो. इथेच मांडू, मस्टर्डपाशी."

"पोटभर बघ म्हणाला होतास."

"अगं, ते मघाशी! आता कोण तुला आत बसू देईल?"

तो हसला. तीही हसली, आणि डोळे भरून आले तशी कागदी रुमालाने टिपू लागली. आनंदाश्रू असतील असं समजून ड्वेनने आणखी एक रुमाल पुढे केला.

"आण खुर्ची," ती म्हणाली. "पण तू मात्र नीट बघत जा, ड्वेन. पहिल्या चेंडूपासून. यापुढे सगळं तुलाच सांगावं लागणार आहे मला."