आमचं धुराचं ऑफिस

ज्या ऑफिसात काम जास्त, तिथे फायली साठतात. जिथे काम कमी, तिथे किस्से साठतात. आमच्या ऑफिसात दोन्ही साठले, कारण आमचं कामच असं होतं की करताना हसू यायचं आणि रिपोर्ट लिहिताना ते दाबावं लागायचं! अजूनही चार मंडळी जमली, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, ते धुराचं सांगा ना!" मी एक सांगायला जातो आणि मागून तीन निघतात.

आधी थोडं समजावून सांगतो. द्वैभाषिक राज्याचे दिवस. मुंबईकडे गिरण्यांच्या धुरावर सरकारी नजर ठेवायची जुनी पद्धत होती. कुणाच्या तरी डोक्यात आलं की खानदेशातही करून बघावं. झालं! धुळ्याला दोन खोल्या आणि एक गच्ची भाड्यानं घेतली आणि ऑफिस उघडलं. धुळे-जळगावकडच्या कापडमिली, जिनिंग फॅक्टऱ्या, तेलगिरण्या, सगळ्यांच्या चिमण्यांचा धूर बघायचा आणि दर महिन्याला वर कळवायचा.

आम्ही तिघं. इन्स्पेक्टर आठल्ये साहेब रत्नागिरीकडचे. माणूस सरळ, नियमाला धरून, आणि कपडे इतके पांढरे की धुराच्या खात्यात त्यांना कुणी घातलं याचं नवल वाटावं. शिपाई दगाभाऊ धुळ्याचाच. आणि तिसरा मी.

* * *

मी मूळचा जळगावच्या एका शाळेतला ड्रॉइंग मास्तर. धुराशी माझा संबंध घरच्या चुलीपुरता.

पण धूर मोजायचं यंत्र म्हणजे काय, तर एक पुठ्ठ्याचा तक्ता! त्यावर सहा चौकटी. पहिली पांढरी, तिचा नंबर शून्य. पुढे करडी होत होत शेवटची काळीकुट्ट, तिचा नंबर पाच. तक्ता हातभर लांब धरायचा, चिमणीकडे बघायचं आणि धूर कोणत्या चौकटीशी जुळतो तो नंबर लिहायचा. नंबर फार वर गेला की मालकाला दंडाची नोटीस. वरून पत्र आलं होतं, की "छटांची जाण असलेला" माणूस नेमावा.

साहेब शाळेत आले. मला तक्ता दाखवून म्हणाले, "किती रंग दिसतात?"

मी म्हटलं, "रंग एकच, साहेब. छटा सहा. पण चार नंबरला छापणाऱ्याची शाई कमी पडलीय."

साहेबांनी तक्ता उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा बघितला. "खरंच की! सोमवारपासून धुळ्याला या."

हेडमास्तर मला निरोप देताना म्हणाले, "वाणी मास्तर, आयुष्यभर पोरांना सांगितलंत, चित्र काळं करू नका. आता सगळ्या खानदेशाला सांगा!"

* * *

पहिल्याच उन्हाळ्यात तक्त्यावर धूळ बसली. दगाभाऊ कामाला चोख. त्यानं ओल्या फडक्यानं तो स्वच्छ पुसला. इतका स्वच्छ की तीन नंबरचा दोन झाला आणि दोनचा जवळजवळ पांढरा!

"दगाभाऊ, अहो हे काय केलंत?"

"मळेल व्हता, मास्तर. सरकारी वस्तू शे. साफ नको का ठेवाले?"

साहेबांनी नवीन तक्त्यासाठी वर लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: "जुना तक्ता खराब झाल्याचे, तो चांगल्या तक्त्याशी ताडून पाहून, प्रमाणित करावे."

चांगला तक्ता असता तर मागितला कशाला असता! साहेबांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त त्यात "तातडीने" हा शब्द जास्त.

शेवटी मीच काळी शाई आणि बारीक ब्रश घेऊन बसलो आणि तीन दिवस खपून नवा तक्ता रंगवला. साहेबांना फार आवडला. खिडकीशी नेऊन त्यांनी तो निरखला आणि म्हणाले, "उत्तम! फक्त खाली सही करू नका, मास्तर. चित्र वाटेल."

पुढे दोन वर्षं दोन जिल्ह्यांचा धूर त्या तक्त्यानं मोजला गेला. कुणाची काही तक्रार नव्हती.

* * *

तपासणीला जायच्या आधी आठ दिवस नोटीस पाठवायची, असा नियम होता. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या बाजूला उभे राहणार, सगळं कळवायचं!

जळगावकडच्या एका मिलवर आम्ही गेलो. नाव सांगत नाही. मॅनेजर रतिलालभाई दारातच हार घेऊन उभे. चिमणी अशी स्वच्छ, जणू आत्ताच आंघोळ करून आली आहे. मी अर्धा तास तक्ता धरून उभा राहिलो. हात दुखला, पण धूर आला नाही. शून्य, शून्य, शून्य!

साहेबांना शंका आली. "मिल चालू आहे ना?"

"चालू छे साहेब, एकदम चालू!"

बाहेर पडताना फाटकापाशी निंबाखाली बॉयलरवरची माणसं बसली होती. त्यांच्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. साहेबांना बघून त्यातला एक वयस्क गडी उठला, हात जोडून म्हणाला, "साहेब, एक इनंती शे. तुम्ही दर हप्ताले या. तुम्ही येतस त्या दिन आमले सुट्टी भेटस!"

साहेब बसमध्ये खिडकीशी जाऊन बसले. मग म्हणाले, "शून्यच लिहा. जे दिसलं ते लिहायचं."

* * *

माझ्या मेहुणीच्या लग्नात सासरे मला मिरवत होते. "हे आमचे जावई. सरकारी नोकरीत आहेत."

व्याह्यांनी विचारलं, "काय काम असतं?"

सासऱ्यांना खोटं बोलता यायचं नाही. म्हणाले, "गच्चीवर उभं राहून धूर बघतात."

व्याही जवळ सरकले. मग अगदी काळजीनं म्हणाले, "आणि पर्मनंट आहेत?"

* * *

आता गोदाअक्कांचं सांगतो.

पिंप्राळा तेव्हा गावच होतं, जळगावपासून चालत जाण्याएवढं. अक्का विधवा बाई, पापड करून विकायच्या. उडदाचे पातळ, पांढरेशुभ्र पापड. घराच्या मागेच एक जिनिंग फॅक्टरी. दुपारी भट्टी झाडली की काजळी उडायची आणि नेमकी अक्कांच्या खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवर बसायची. गिऱ्हाईक पापड हातात घेऊन परत ठेवू लागलं.

अक्का जळगावहून एसटीनं धुळ्याला आल्या, आमच्या ऑफिसात शिरल्या आणि साहेबांच्या टेबलावर एक पापड ठेवला.

"हा पाहा. काय म्हणावं याले?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार! तक्ता काढला, पापडाशेजारी धरला. "दोन नंबर, साहेब. कडेला अडीच."

गंमत वाटते ऐकायला, पण इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच खरं काही मोजलं होतं. रिपोर्ट गेला, सोबत फाईलला टाचलेला पापड गेला. उत्तर आलं: "कायदा चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुरास लागू आहे. खाद्यपदार्थांवर बसलेल्या धुराचा समावेश त्यात होत नाही." पापड परत आला नाही.

साहेब स्वतः ते पत्र घेऊन पिंप्राळ्याला गेले. मी बरोबर होतो. त्यांनी अक्कांना ते समजावून सांगितलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे निघते तव्हा धूर सरकारचा, अन् माह्या पापडावर बसते तव्हा माह्या?"

साहेबांचा चेहरा बघवेना. तिथून उठले ते थेट फॅक्टरीच्या मालकाकडे. ना नोटीस, ना तक्ता. म्हणाले, "कायद्यानं मी तुम्हाला काहीच म्हणू शकत नाही. पण भट्टी संध्याकाळी झाडाल का? तोवर त्या बाईंचे पापड उचलून होतात."

मालक म्हणाला, "एवढंच ना! इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून भट्टी संध्याकाळी झाडू लागले. हे रिपोर्टात लिहायचं कुठे, ते मात्र आम्हाला कळलं नाही. तसा कॉलमच नव्हता!

* * *

एकदा एरंडोलकडे टूर होती. थंडीचे दिवस. गावाबाहेरच्या जिनिंगवर जायचं होतं. एसटी फर्लांगभर अलीकडे असतानाच साहेब ओरडले, "मास्तर, तक्ता!"

जिनिंगच्या आवारातून धुराचा असा लोट निघत होता, की मी नोकरीत तसा पाहिला नव्हता. चार नंबर! मधूनच पाच! साहेबांना आनंद लपवता येईना. इतकी वर्षं शून्यं लिहून ते कंटाळले होते. उतरलो ते रस्त्यावरच उभं राहून वीस मिनिटांच्या नोंदी घेतल्या. साहेबांनी नोटिशीचा मसुदा तिथेच उभ्यानं सांगितला, मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिला.

मग आत गेलो. चिमणी थंड. आवारात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा हा मोठा ढीग पेटवलेला, आणि त्यात मण-दीड मण वांगी भाजत होती. मालक हात पुशीत पुढे आले. "या साहेब! आठ दिवसांपूर्वीच नोटीस भेटली, म्हटलं साहेब कोकणातले, खानदेशी भरीत खाल्लं नसंल. ज्वारी-उडदाच्या कयन्याच्या भाकरी बी सांगितल्या आहेत."

साहेब माझ्याकडे बघतात, मी वहीकडे बघतो. तेवढ्यात दगाभाऊ पंगतीत बसलासुद्धा!

भरीत झकास होतं. साहेबांनी दोनदा मागून घेतलं. परत येताना बसमध्ये मी विचारलं, "साहेब, नोंदी तर शाईनं झाल्यात. धुराचं कारण काय लिहू?"

साहेबांनी खूप विचार केला. नियमाचा माणूस! शेवटी म्हणाले, "वांगी."

मी तसंच लिहिलं. वरून त्यावर काहीही विचारणा झाली नाही.

* * *

आणि हा शेवटचा.

आमच्या गच्चीवरून धुळ्यातल्या एका मिलची चिमणी समोरच दिसायची. एका वर्षी हिवाळ्याच्या शेवटी मालकांच्या दोन भावांत वाद झाला आणि मिल बंद पडली. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. महिना झाला. चिमणी थंड. आम्ही आपले रोज गच्चीवर जाऊन शून्य लिहीत होतो, आणि महिन्याचा रिपोर्ट गेला: "धूर आढळला नाही."

उलट टपाली वरून शाबासकीचं पत्र! "आपल्या कार्यालयाच्या परिणामकारक प्रयत्नांमुळे सदर चिमणीचा धूर पूर्णपणे थांबला, ही समाधानाची बाब आहे." गावातल्या एका साप्ताहिकानं ते छापलंसुद्धा.

आठ दिवसांनी वीस-पंचवीस बायका ऑफिसच्या जिन्यावर. सगळ्या मिलकामगारांच्या घरच्या. पुढे यमुनाअक्का नावाच्या एक वयस्क बाई. त्यांनी साहेबांपुढे अर्ज ठेवला. कुणाकडून तरी लिहून आणलेला, खाली ओळीनं अंगठे. मजकूर एवढाच, की मिलचा धूर लवकरात लवकर सुरू करावा.

साहेब गडबडले. "बाई, अहो हे ऑफिस धूर बंद करण्यासाठी आहे. सुरू करण्यासाठी नाही."

"पेपरमा छापी वनं शे ना, धूर तुम्हीच बंद कया म्हनीसन?" यमुनाअक्का म्हणाल्या. "मंग चालू बी तुम्हीच करा."

"आम्ही नाही हो बंद केला! मालकांचं आपसात..."

"ते आमले काय ठाऊक, साहेब? मिलनी चिमणीमा धूर नही, ते आमना चुल्हामा बी नही."

दगाभाऊनं पाण्याची घागर पुढे केली, बायका पाणी प्यायल्या आणि आल्या तशा जिना उतरून गेल्या.

साहेबांनी अर्जावर आवक नंबर घातला. मग स्वतः कोरा कागद घेऊन कलेक्टरांना लिहायला बसले. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. चौथं पाठवलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर यायचेही बंद झाले. "शून्य असेल, लिहून टाका," म्हणायचे.

पत्राचं काय झालं, देव जाणे. भावाभावांत आपसातच तोडगा निघाला आणि एके दिवशी सकाळी भोंगा वाजला. इतक्या दिवसांनी वाजला! बाजारातली माणसं रस्त्यावर थांबली. समोरच्या चाळीच्या ओट्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या, कुणाच्या कडेवर पोर, कुणाचे हात पिठाचे. थंड पडलेला बॉयलर, त्यात ओला कोळसा. चिमणीतून आधी नुसता एक सुस्कारा निघाला, आणि मग धूर आला. काळा, दाट, वेटोळी घेत वर चढणारा. खाली कुणीतरी नारळ फोडला. एका म्हातारीनं चिमणीकडे बघून हात जोडले.

साहेब कधी वर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, मला कळलं नाही. मी सवयीनं तक्ता वर केला. जुळवायची गरजच नव्हती.

"पाच नंबर आहे, साहेब. पूर्ण पाच. नोटीस द्यावी लागेल."

साहेबांनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि त्या दिवसाच्या ओळीत वळणदार अक्षरात लिहिलं: "आभाळ भरून आल्यामुळे निरीक्षण होऊ शकले नाही."

चैत्राचा महिना होता.