भाऊजींची सतरंजी

सूर्याशी कायमचं वैर असूनही दर मे महिन्यात पंचवीस माणसं घेऊन भर उन्हात नदीवर जाणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या थोरल्या ताईच्या वाट्याला आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले उन्हाळे म्हटले की मला आंबे आठवत नाहीत, सानगडीचे हे भाऊजी आठवतात. धान निघून महिने झालेले, शेतातल्या बांध्या रिकाम्या, हातांना काम नाही. मग ते सासुरवाडीला दिघोरीला यायचे आणि सगळ्या गोतावळ्याला चुलबंद नदीच्या काठी पानगे खायला न्यायचे. पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे पानगे आणि वांग्याची भाजी, एवढाच बेत. पण जेवायला बसायचं कुठे, हा प्रश्न भाऊजी इतक्या गांभीर्याने घेत की लोक मुलीचं स्थळही तेवढ्या चौकशीने पाहत नसतील.

काठावरच्या जांभळाखाली ते आधी काठी रोवत, तिची सावली पावलांनी मोजत, डोळे मिटून हिशेब करत आणि सतरंजी चक्क उन्हात अंथरायला लावत. का, तर जेवणाच्या वेळी सावली तिथे येणार म्हणून. ती यायचीही, पण आम्ही पहिला घास घेईपर्यंत पुढे निघून जायची. मग हुकूम सुटे, "उठा, सरका. सावली तिकडं जाऊन राहिली." हातात पत्रावळ, त्यातून ओघळणारी भाजी, अशी पंचवीस माणसं एका जेवणात चार वेळा सरकत. एकदा थोरली मावशी सरकता सरकता दुसऱ्याच कुटुंबाच्या पंगतीत जाऊन बसली आणि तिथलं वरण बरं लागलं म्हणून परतलीच नाही. बाबा म्हणत, जावई सोन्यासारखे आहेत, फक्त एका जागी बसू देत नाहीत. भाऊजी स्वतः मात्र नेहमी उन्हाकडच्या कडेला बसत. "कडेले कोणी पाह्यजे ना," म्हणत, "नाहीतर ऊन आलं ते समजन कसं?"

एका उन्हाळ्यात ताई मुदतीच्या तापातून नुकती उठली होती. अंगात त्राण नव्हतं, आणि उन्हात पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. होळीपासून तिने खोलीच्या आढ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं, आणि तिला एकच हवं होतं, नदीच्या पाण्यात पाय सोडून बसायचं. तुम्ही सगळे जा, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. छपराच्या बैलगाडीत गादी घालून भाऊजींनी तिला जांभळापर्यंत आणलं. पण तिथून पाण्यापर्यंत पन्नास पावलं तापलेली वाळू, आणि एकही झाड नाही. भाऊजींनी काठी रोवली, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पाण्यावर सावली यायची ती थेट संध्याकाळी, आणि संध्याकाळच्या वाऱ्याचीही तिला मनाई होती.

मग त्यांनी सतरंजी उचलली. गाडीच्या कडेचे चार बांबू उपसून त्यांना तिचे कोपरे बांधले, एकेक बांबू बाबांच्या, काकांच्या आणि माझ्या हाती दिला, आणि चौथा स्वतः धरला. पायातल्या वहाणा काढून ताईच्या पायात सरकवल्या. "हळू चाला," म्हणाले, "सावली तिच्यावरून सरकली नाही पाह्यजे." त्या वाळूतून ते अनवाणी चालले. ताईने पाण्यात पाय सोडले आणि कित्येक दिवसांनी हसली. आम्ही बांबू धरून बराच वेळ उभे होतो, आणि कोणीही कुरकुरलं नाही, बाबासुद्धा.

आता भाऊजींनी ऐंशी गाठलीय, नदीवर जाणं केव्हाच सुटलं. परवा सानगडीला गेलो तर भर दुपारी ते अंगणात खाटेवर घोरत होते, आणि ताई तारेवर वाळत घातलेलं लुगडं थोड्या थोड्या वेळाने हातभर पुढे ओढत होती. आधी मला कळेना. मग दिसलं, लुगड्याची सावली बरोबर भाऊजींच्या तोंडावर पडत होती. इतक्यात ते जागे झाले आणि समाधानाने म्हणाले, "पाह्य, मी तुले म्हणलो नोव्हतो का? खाट इथं टाकली का चार वाजेपर्यंत सरकाचं काम नाही." मी काही बोलणार तोच ताईने मला डोळ्यांनी गप्प केलं, आणि लुगडं आणखी हातभर पुढे ओढलं.